बॉनेटच्या आतली घाण घरीच साफ करायचीय, पाणी मारू का नको?

नवखा_चालक

नमस्कार मंडळी. सेकंडहँड गाडी घेतलीय, आठ वर्षं जुनी, पेट्रोल, चार सिलिंडर. बाहेरून एकदम चकाचक होती म्हणून घेतली आणि खरं सांगायचं तर घेताना बॉनेट उघडून मी फक्त मान डोलावली, कळत काहीच नव्हतं. काल निवांत उघडून बघितलं तर आत अक्षरशः थर आहे. वर धुळीचा, खाली काळा चिकट तेलकट, काचेखालच्या त्या प्लॅस्टिकच्या पट्टीत वाळलेली पानं, बॅटरीच्या एका टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमलीय, आणि एका कोपऱ्यात कुरतडलेला कागद आणि उंदराच्या लेंड्या.

आता सल्ले. मेहुणा म्हणतो प्रेशर वॉशर आण, दहा मिनिटांत नवीन दिसेल. शेजारचे काका म्हणतात पाणी अजिबात नको, रॉकेलचा बोळा फिरव, आम्ही जन्मभर तेच केलं. आणि व्हिडिओ बघावा तर तिथे इंजिन चालू ठेवून वरून पाईप सोडलाय. माझ्याकडे बागेचा पाईप, भांडी घासायचा लिक्विड साबण, जुने टूथब्रश, रंगाचा एक ब्रश आणि भरपूर चिंध्या आहेत. यात भागेल का? आणि पाण्याने काही जळलं-बिळलं तर? गाडी रोज लागते ऑफिसला, बंद पडलेली परवडणार नाही.

आळशी_ड्रायव्हर

चालू आहे ना गाडी? मग बॉनेट लावा खाली. माझ्या गाडीची धूळ हलवली तर पार्ट सुटे होतील अशी अवस्था आहे, धुळीनेच धरून ठेवलंय सगळं. 😄

जुना_पाना

आळशीभाऊंची चेष्टा सोडून द्या, पण त्यात अर्धं खरं आहे. नुसती कोरडी धूळ इंजिनाचं काही बिघडवत नाही. घाण काढायची ती इंजिन चमकावं म्हणून नाही, पुढे काही गळायला लागलं तर ते दिसावं म्हणून. काळ्या थरावर नवीन तेल आलं तर कळणारच नाही, स्वच्छ धातूवर एक थेंब आला तरी नजरेत भरतो.

म्हणून पहिलं काम, काहीही पुसायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. भरपूर. टॉर्च लावून. तुम्ही लिहिलंय वर धूळ आणि खाली तेलकट, म्हणजे कुठूनतरी तेल येतंय किंवा पूर्वी येत होतं. तेल वरून खाली उतरतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे सगळ्यात वरचा ओला भाग कुठे आहे ते शोधा, मूळ बहुधा तिथेच असतं. बऱ्याचदा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग असतं. कुठे गुलाबी, हिरवी किंवा पांढरट खपली दिसली, विशेषतः पाईपच्या जोडापाशी, तर ते सुकलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी. हे सगळं धुऊन टाकलंत तर पुरावा गेला. मेकॅनिककडे जायच्या आदल्या दिवशी इंजिन धुणारे लोक मी बघितलेत, पाहुण्यांसाठी घर आवरावं तसं, आणि मग तो बिचारा शोधत बसतो लीक कुठेय.

आता इंजिन थंड हवं. पूर्ण थंड, किंवा फार तर हाताला कोमट. चालून आलेल्या गाडीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारे धातूचे पाईप) काहीशे अंशांवर असतं, त्यावर गार पाणी पडलं तर धातूला तडा जाऊ शकतो, आणि साबण लावताक्षणी वाळून डाग पडतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सावलीत घ्यायची. इंजिन चालू ठेवून तर अजिबात नाही, फिरता बेल्ट आणि पंखा आणि तुमच्या हातात चिंधी, बोटं जायची. आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते, इंजिन गरम असेल तर काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो. म्हणूनही थंड इंजिन आणि म्हणूनही बॅटरीची वायर काढलेली.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची आणि सगळं झाल्यावर शेवटी लावायची. उलटं का नाही, तर बॉडीचा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो, निगेटिव्ह लावलेली असताना पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला की थेट शॉर्ट, पाना लाल होईपर्यंत. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

मग कोरडं काम. हा टप्पा लोक गाळतात आणि खरा फरक इथेच पडतो. पानं हाताने वेचा, धूळ रंगाच्या ब्रशने झाडा. त्या ब्रशच्या पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळा म्हणजे कुठे ओरखडा नाही आणि कुठे टेकून शॉर्ट नाही. काचेखालच्या पट्टीतली पानं तर आवर्जून काढा, तिथे खाली पाणी जायची भोकं असतात, ती पानांनी बुजली की पावसाचं पाणी तुंबतं आणि ब्लोअरच्या वाटेने आत येतं, पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं का होतंय ते महिनोन्महिने कळत नाही. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तमच. (लेंड्या मात्र झाडू नका, त्याचं कोणीतरी सविस्तर लिहा प्लीज, मी टाईप करून थकलो.)

कोरडं झालं की झाकाझाकी. आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड, फ्यूज बॉक्स, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वरून दिसणाऱ्या कॉइल (स्पार्क प्लगला करंट देणाऱ्या) आणि त्यांचे कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लॅस्टिकचे जोड, यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबर बँड. वेड्यावाकड्या आकारावर किचनमधली अॅल्युमिनियम फॉइल मस्त बसते. तेलाचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट आहेत ना बघा. आणि पिशव्या मोजा, किती लावल्या ते लिहून ठेवा.

क्लीनर पाण्यात मिसळणारा घ्यायचा, ऑल पर्पज क्लीनर म्हणतात तो, एकाला दहा पाणी इथून सुरुवात, नाही निघालं तर एकाला चार. भांड्याचा साबण चालतो हो, काही जळत नाही त्याने, पण त्याचा फेस जाता जात नाही आणि फेस काढायला पाणी जास्त लागतं, आणि पाणी कमी लागावं हीच तर आपली धडपड. कॉस्टिकवाले जबरी डिग्रीझर नकोत, अॅल्युमिनियमचे भाग काळे-पांढरे पडतात आणि तो डाग परत जात नाही. क्लीनर शक्यतो इंजिनावर न फवारता ब्रशवर किंवा फडक्यावर घ्या, खालून वर घासत या, तीन-चार मिनिटं राहू द्या, वाळू देऊ नका, आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. फडकं बादलीत बुडवून पिळायचं, बस. खूपच जाड थर असेल तिथे फवारणीची बाटली. पाईपची वेळ बहुतेक येतच नाही.

स्टिकर जपून. आत बरेच स्टिकर असतात, एसीचा गॅस किती ग्रॅम, बेल्ट कसा फिरतो त्याचं चित्र, कधीकधी आधीच्या मेकॅनिकने काय बदललं त्याच्या नोंदी. ते नुसत्या ओल्या फडक्याने हलकेच पुसा, रगडलंत तर अक्षरं फडक्यावर येतील.

बॉनेटच्या आतल्या बाजूला जी गादीसारखी शीट असते तिला भिजवायचं नाही, पाणी पिऊन लोंबायला लागते. रेडिएटर आणि त्याच्या पुढची एसीची जाळी यांच्या पट्ट्या कागदासारख्या पातळ असतात, जोरात पाणी मारलं की आडव्या होतात आणि मग त्यातून हवाच जात नाही, तिथे मऊ ब्रश आणि हलकं पाणी.

प्रेशरवाला

वरचं सगळं ठीक पण इतकं घाबरायची गरज नाही. मी प्रेशर वॉशरनेच करतो, वर्षातून एकदा, आजवर काही झालेलं नाही. गाडी पावसात चालते, डबक्यातून जाते, खालून पाणी उडतं, मग धुतल्याने काय होणारे? कंपनीने एवढे कपलर वॉटरप्रूफ केलेत ते कशासाठी?

जुना_पाना

@प्रेशरवाला, उडणारं पाणी आणि नोझलमधून येणारी धार यात फरक आहे ना. घरच्या नळाचा दाब साधारण 2 ते 4 बार, घरगुती प्रेशर वॉशर 100 बारच्या पुढे. कपलरमधलं रबरी सील शिंतोड्यांसाठी केलेलं असतं, हातभर अंतरावरून धार मारली की ते सील बाजूला सरकतं, पाणी आत जातं, आणि मग तेच सील पाणी बाहेर येऊ देत नाही. शिवाय आठ वर्षं इंजिनाच्या उष्णतेत शिजलेलं सील आणि नवीन सील यात फरक पडतोच. तुमचं काही झालं नाही कारण तुम्ही लांबून मारत असाल. लांबून दाब पटकन कमी होतो. पण नवख्या माणसाला लांबून म्हणजे किती हे कळत नाही, तो डाग निघेना की पुढे सरकतो.

एकदा_फसलेली

मीच ती पुढे सरकणारी. 🙋‍♀️ सांगते.

दोन वर्षांपूर्वी गाडी विकायची होती म्हणून म्हटलं बॉनेट उघडल्यावर चांगलं दिसलं पाहिजे, वॉशिंग सेंटरला नेली, तिथल्या मुलाला म्हटलं इंजिन पण मार. त्याने मारलं. मीच म्हटलं अजून मार, तो कोपरा राहिला. घरी येईपर्यंत ठीक, दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट केली तर सगळी गाडी थडथडायला लागली, मिसिंग, पिकअप नाही, आणि चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही तर लुकलुकायला लागला. मला वाटलं लुकलुकतोय म्हणजे जाईल आपोआप. तशीच चार किलोमीटर चालवली.

मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी 0302 आला, म्हणजे दोन नंबरचं सिलिंडर मिस. कॉइल वर ओढली तर खाली प्लगच्या विहिरीत पाणी! विहीरच म्हणाला तो, आणि खरंच तशीच दिसते, टॅपेट कव्हरमधलं खोल भोक, तळाशी स्पार्क प्लग, वरून कॉइल बूच लावल्यासारखी. पाणी एकदा गेलं की उष्णतेने वाफ होते पण वर बूच, जाणार कुठे. कॉइल गेली होती. प्लगला गंज. आणि तो मला ओरडला ते दिवा लुकलुकत असताना चालवली म्हणून, मिसिंगमध्ये न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथे जळतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा एक्झॉस्टमधला डबा) भाजून निघतो, तो भाग कॉइलच्या कितीतरी पट महाग. दिवा नुसता लागला तर दाखवायला न्यायची, लुकलुकला तर बाजूला घेऊन बंद करायची, एवढं त्या दिवशी शिकले.

गाडी विकली शेवटी. घेणाऱ्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही.

नवखा_चालक

@एकदा_फसलेली ताई, शेवटचं वाक्य वाचून मी आडवा. तो न उघडणारा मीच नाही ना 😂

बरं, रॉकेलचं कोणी काही बोललं नाही. काका रोज विचारतात केलंस का, बोळा देऊ का. त्यांना काय सांगू? आणि बॅटरी काढली तर टेप, घड्याळ, काचा सगळं बिघडतं असं ऐकलंय ते खरंय का?

गॅरेजमधला_पोरगा

काकांचं चूक नाही, त्यांचा जमाना वेगळा. तेव्हाची इंजिनं म्हणजे ओतीव लोखंड, कार्बुरेटर, मोजून चार वायरी. रॉकेलने काळं तेल झपकन सुटतं हे खरंच आहे, आम्ही पण सुटे केलेले लोखंडी पार्ट त्यातच धुतो, पण ट्रेमध्ये, गाडीपासून लांब. गाडीवर लावलेल्या इंजिनाला नाही.

एक म्हणजे आग. रॉकेल साधारण 40 अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी वाफ सोडायला लागतं, आणि चालणारं इंजिन आतून 90 वर असतं, एक्झॉस्ट तर विचारूच नका. कोपऱ्यात, वायरींच्या जुडग्यात, खालच्या फोममध्ये राहिलेलं रॉकेल पुसून निघत नाही. पेट्रोलने पुसणारेही बघितलेत, त्यांना तर नमस्कारच. दुसरं रबर. आजकाल कूलंटचे पाईप आणि पुढचा बेल्ट ज्या रबराचे असतात त्याला रॉकेल-डिझेल चालत नाही, रबर ते पितं, फुगतं, मऊ पडतं. आज नाही फुटणार, चार महिन्यांनी हायवेला फुटेल आणि तुम्हाला रॉकेल आठवणार पण नाही. आणि त्याचा चिकट पापुद्रा राहतो त्यावर धूळ अजून बसते.

काकांना सांगा बोळा तुमच्याकडेच ठेवा, दाराच्या बिजागरीला लागेल.

बॅटरीचं. हो, घड्याळ शून्यावर येतं, काही टेपना कोड लागतो तो आधीच मॅन्युअलमधे शोधून ठेवा, एका झटक्यात वर जाणाऱ्या काचा ते विसरतात, मग काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं की परत शिकतात, पद्धत गाडीगणिक थोडी वेगळी. इंजिनचं आयडलिंग पण पहिले काही किलोमीटर वरखाली वाटेल, घाबरायचं नाही. बिघडत काही नाही, विसरतं फक्त.

त्या पावडरसाठी: एक कप कोमट पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा, दोन्ही वायरी काढून, हातमोजे आणि डोळ्याला चष्मा, टूथब्रशने लावायचं. फसफसतं, आम्लच आहे ते. फसफसणं थांबलं की ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडं. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांच्या फटीतून आत जाऊ द्यायचं नाही, आतलं अॅसिडच मारून टाकेल ते. आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह घट्ट करा आणि नंतर वरून व्हॅसलीन. लोक आधी व्हॅसलीन थापतात मग क्लॅम्प बसवतात. आणि बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो तिच्यातून. पावडर महिन्याभरात परत आली तर बॅटरी म्हातारी झालीय किंवा जास्त चार्ज होतीय, चेक करून घ्या.

मांजरप्रेमी

लेंड्यांवर लिहिते कारण तिकडे कोणाचं लक्षच नाहीये. कोरड्या झाडायच्या नाहीत, हवा मारायची नाही, व्हॅक्यूम तर नाहीच. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो, हाताला साधं खरचटलेलं असलं तरी, आणि सुकलेली घाण उडून नाकात गेली तर हंटाव्हायरससारखे दुसरे आजार. रबरी हातमोजे, मास्क, आणि ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग असं हलकं फवारून पाच मिनिटं भिजू द्यायचं, मग कागदाने उचलून पिशवीत बांधून टाकायचं. ब्लीच अॅल्युमिनियमवर आणि कपलरवर ठेवायचं नाही, तिथे लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या. आणि ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळायचं नाही.

मग वायरी बघा, एकेक, बोट फिरवून. वरचं आवरण कुरतडून आतलं तांबं दिसतंय का. पेट्रोलचा पाईपही कुरतडतात ते, तो विशेष बघा. एक्झॉस्टच्या पत्र्याजवळ कागद-कापूस-गवताचं घरटं असेल तर आजच काढा, तापल्यावर पेटतं. एसीचा केबिन फिल्टरही उघडून बघा, त्यांना तिथे फार आवडतं. आणि कूलंट कुठे सांडलेलं असेल तर लगेच पुसा हं, बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड, मांजर-कुत्री चाटतात आणि किडनी जाऊन मरतात. माझं एक असंच गेलंय.

शंकेखोर

मधेच विचारतो, माझी हायब्रीड आहे, हेच सगळं चालेल का?

गॅरेजमधला_पोरगा

@शंकेखोर कोरडं फडकं आणि ओलसर फडकं एवढंच. जाड केशरी वायरी दिसतात ना त्या हाय व्होल्टेजच्या, त्यांना आणि त्यांच्या कपलरना हात नाही, पाणी नाही. छोट्या बॅटरीची वायर काढली म्हणजे मोठी बंद झाली असंही समजू नका. जास्त घाण असेल तर सर्व्हिस सेंटर.

जुना_पाना

वाळवण्याचं राहिलं होतं. पुसून झाल्यावर फडक्याने टिपा, सांध्यात ब्लोअरने हवा मारा (केसांचा ड्रायरही चालतो, गार हवेवर), प्लगच्या विहिरीच्या भोवती पाणी साठलं असेल तर कॉइल काढायच्या आधी ते उडवा, नाहीतर कॉइल उचलली की सगळं आत. मग पिशव्या काढा, मोजून. मी एकदा पाच लावल्या आणि चार काढल्या. पाचवी एक्झॉस्टला चिकटून वितळली, तो वास दोन महिने गेला नाही, बायको रोज विचारायची काय जळतंय. हवेच्या तोंडावरची राहिली असती तर गाडी सुरूच झाली नसती, ते परवडलं. मग बॅटरी जोडून बॉनेट उघडं ठेवून 10-15 मिनिटं जागेवर चालवा, उरलेला ओलावा उडतो. बेल्ट ओला असेल तर किंचाळेल, मिनिटा-दोन मिनिटांत गप्प होतो. नाही झाला तर त्यावर साबण किंवा तेल गेलंय.

चकाकीसाठी ते सिलिकॉनचे स्प्रे वगैरे मारू नका, धूळ चिकटते आणि बेल्टवर उडाला तर बेल्ट घसरतो. हौस असेल तर पाण्यावर आधारित ड्रेसिंग फडक्यावर घेऊन फक्त प्लॅस्टिकला. आणि डब्ल्यूडी-40 ने सगळं न्हाऊ घालणारी एक जमात आहे. त्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजेच वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवायला बनवलेलं, तेवढ्यासाठी ते चांगलंच आहे, पण मागे तेलकट थर ठेवतं. कपलरमध्ये पाणी गेलंच तर काँटॅक्ट क्लीनर वापरा, तो उडून जातो. एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो त्याला यातलं काहीही लावायचं नाही.

घाणेरडं तेलकट पाणी गटारात किंवा झाडांना नको. गाडीखाली जुनी चादर किंवा लाकडाचा भुसा.

नवखा_चालक

मंडळी, अपडेट. उशीर झाला, दोन आठवडे झाले, पण केलं एकदाचं.

रविवारी सकाळी सहाला सुरुवात, मेहुणा प्रेशर वॉशर घेऊन हजर, त्याला फूटपाथ धुवायला लावलं. लेंड्या मांजरप्रेमी ताईंनी सांगितल्याप्रमाणे. वायरी सगळ्या ठीक, एका वॉशर पाईपला फक्त दात लागलेत. पानं दीड पिशवी निघाली, दीड! पट्टीखालचं एक भोक पूर्ण बुजलं होतं, काडी घालून मोकळं केल्यावर भसकन पाणी बाहेर आलं, कधीचं होतं कोण जाणे. एकूण पाणी मी अर्धी बादली वापरलं असेल, पाईप लावलाच नाही. फडकी मात्र अकरा खराब झाली. पिशव्या सहा लावल्या सहा काढल्या. 🙏 एका कपलरची क्लिप माझ्या हातात आली तुटून, तो आता झिप टायने बांधलाय, चालेल ना?

स्वच्छ करून आठवडाभर चालवली आणि काल टॉर्च लावून बघितलं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात ओलं, तिथून बारीक ओघळ खाली एक्झॉस्टच्या पत्र्यापर्यंत. आणि आता कळलं चढावर थांबलो की करपल्याचा वास का यायचा, मी क्लचचा समजत होतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. बेल्टच्या बाजूच्या काळ्या कव्हरवर थराखाली एक छोटा स्टिकर निघाला, पेनने लिहिलेला. टायमिंग बेल्ट बदलला, 48,000. तारीख पुसटलीय. माझी गाडी आता 1,36,000 वर आहे. विकणाऱ्याने दिलेल्या कागदांत नंतर बेल्ट बदलल्याचं कुठेच नाही. हे काळजीचं आहे का?

गॅरेजमधला_पोरगा

क्लिपचं चालेल, झिप टाय एक्झॉस्टपासून लांब ठेवा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग स्वस्तातलं काम आहे, बोल्ट जीव खाऊन आवळायचे नाहीत, बहुतेक गाड्यांत 10 न्यूटन मीटरच्या आसपासच असतात, मधून बाहेर अशा क्रमाने, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये. प्लगच्या विहिरींची सीलं पण सोबतच बदला.

बेल्टचं मात्र आहे काळजीचं. टायमिंग बेल्ट म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारा आतला पट्टा. 88,000 झाले की त्यावर. मॅन्युअलमध्ये तुमच्या इंजिनाचा आकडा बघा, कुठे 60,000 असतो कुठे 1,00,000 च्या वर, आणि किलोमीटरसोबत वर्षांची पण मर्यादा असते, जे आधी येईल ते. रबर आहे ते, उभ्या गाडीतही म्हातारं होतं. तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, मग हेड उतरवायचं. तुटायच्या आधी आवाज-बिवाज करेलच असं नाही. आणि वरून तेल गळतंय ते बेल्टच्या कव्हरात उतरत नाहीये ना ते आधी बघा, तेल लागलेला बेल्ट अजून लवकर जातो.

जुना_पाना

कागद नाहीत म्हणजे बदलला नाही असंच धरा. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर तोही, तिन्ही एकदम, मजुरी एकदाच लागते. तोपर्यंत लांब नेऊ नका.

नवीन स्टिकर लावायला सांगा मेकॅनिकला. तारीख ठळक.

नवखा_चालक

मॅन्युअल बघितलं. 90,000 किंवा 6 वर्षं. तारीख पुसट आहे पण साल वाचता येतंय आता, सात वर्षं झालीत.

गुरुवारची वेळ मिळालीय गॅरेजला. तोवर गाडी दारात उभी आहे, एकदम स्वच्छ, आणि मी मेहुण्याच्या मागे बसून ऑफिसला चाललोय. तो रोज विचारतो, प्रेशर वॉशरने केलं असतं तर स्टिकर राहिला असता का.

एकदा_फसलेली

नसता राहिला. सांगा त्याला. 😄